एसटीचा फोटो परीक्षणाला देताना

एसटीचे फोटो काढणारे लोक महाराष्ट्रभर आहेत. कुणी कॉलेजला जाता-येता आगाराच्या फाटकाशी रेंगाळतं, कुणी गावी गेलं की पहाटेच्या पहिल्या गाडीसाठी फाट्यावर जाऊन उभं राहतं. काही दिवसांनी मोबाइलमध्ये शेकडो फोटो साठतात आणि मग वाटतं, हे कुणातरी जाणकाराला दाखवावेत, दोष काढून घ्यावेत. ते नीट कसं करायचं, हे या छंदात नव्याने आलेल्यांसाठी लिहितो आहे. कार, ट्रक किंवा दुचाकींचे फोटो काढणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल. माझा जीव एसटीवर, म्हणून उदाहरणं तिची.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. परीक्षण करणाऱ्याला फक्त चौकटीतलं दिसतं. ती गाडी तुमच्या आजोळच्या रस्त्यावर धावते, तिच्यासाठी तुम्ही पावसात तासभर उभे होतात, हे त्याला माहीत नसतं आणि माहीत असण्याची गरजही नाही. गाडी कोणती, कुठली, कुठे निघालेली, हे फोटोनेच सांगायला हवं. माझ्या मते वाहनाचा फोटो आधी नोंद असतो आणि मग चित्र. मुंबईत बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ला रस्त्यावरून गेल्या, त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर काळ्यापिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही गेल्या. आता त्यांचे जे फोटो आहेत तेवढेच. ज्यांनी पाटी, नंबर आणि मागचा रस्ता स्पष्ट येईल असे फोटो काढून ठेवले, त्यांच्या फोटोंचं मोल आज कळतं.

गाडी वाचायला शिका

कॅमेरा हातात घेण्याआधी गाडी ओळखता आली पाहिजे, कारण परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतो. एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळा तीन: पुण्याजवळ दापोडी, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरला हिंगणा. महामंडळाने स्वतः बांधलेल्या गाडीची नोंदणी बहुधा त्या-त्या भागातल्या परिवहन कार्यालयात होते. त्यामुळे एमएच १४ बीटी दिसलं की दापोडी, एमएच २० बीएल म्हणजे चिकलठाणा आणि एमएच ४० म्हणजे हिंगणा, असा अंदाज बांधता येतो. म्हणून नंबरप्लेट वाचता येणं महत्त्वाचं. खासगी कारच्या फोटोत प्लेट झाकायला सांगतात ते बरोबरच आहे. एसटीच्या बाबतीत मात्र नंबर हीच तिची ओळख, तो झाकू नका.

त्यानंतर बघा चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा कुणाचा, टाटा की अशोक लेलँड. बांधणी जुनी अ‍ॅल्युमिनियमची की नवी माइल्ड स्टीलची. अंगावर लिहिलेलं आगाराचं नाव कोणतं. आषाढीला पंढरपुरात आणि गणपतीत कोकणच्या रस्त्यांवर राज्यभरातल्या आगारांच्या गाड्या येतात. विदर्भातल्या आगाराची गाडी चिपळूणला उभी दिसणं ही नोंद करण्यासारखीच गोष्ट. पण फोटोत आगाराचं नाव वाचता आलं नाही, तर बघणाऱ्याच्या दृष्टीने ती नेहमीचीच एक लाल गाडी.

कुठे उभं राहायचं

ओळखीसाठी सगळ्यात उपयोगी कोन म्हणजे समोरचा चेहरा आणि एक पूर्ण बाजू एकत्र दिसणारा. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात आणि एसटीचं दारही डावीकडे असतं. गाडी तुमच्याकडे येत असताना तुम्ही तिच्याच कडेला उभे असाल, तर दाराची बाजू मिळते. रस्त्याच्या पलीकडून ड्रायव्हरची बाजू मिळते, पण मधून जाणारी वाहनं आडवी येतात. वर्दळीच्या रस्त्यावर पलीकडून प्रयत्न करण्यात वेळ जातो, एवढं नव्या माणसाने ध्यानात घ्यावं.

ऊन तुमच्या पाठीमागून, किंचित एका खांद्यावरून येऊ द्या, म्हणजे चेहरा आणि बाजू दोन्हींवर उजेड पडतो. चेहरा उजळ आणि बाजू काळोखी, हा नवख्यांच्या फोटोंतला नेहमीचा दोष. घाटात याचा विचार घरून निघतानाच करावा लागतो. सह्याद्रीची रांग उत्तर-दक्षिण पसरलेली असल्यामुळे कोकणाकडे उतरणारे उतार सकाळी बराच वेळ डोंगराच्या सावलीत असतात. कुंभार्ली किंवा आंबा घाटातल्या खालच्या वळणांवर दुपारनंतर जा. पावसाळ्यात धुकं असेल तर दिशेची चिंता नाही, उजेड सगळीकडून सारखाच येतो, आणि धुक्यातून बाहेर येणारी लाल गाडी उठून दिसते. त्या वेळी हेडलाइट चालू असतात, तेवढे पांढरेफटक पडू देऊ नका.

घाटात वळणाच्या बाहेरच्या कडेला मात्र उभं राहू नका. मोठी गाडी वळताना तिचा मागचा भाग किती बाहेर येतो याचा अंदाज लांबून येत नाही. रस्ता रुंद होतो तिथे थांबा. अंधारात ड्रायव्हरच्या डोळ्यांवर फ्लॅश कधीही मारू नका. स्थानकाच्या आवारात फोटो काढायचे तर वाहतूक नियंत्रकांना आधी सांगावं, आगारात किंवा कार्यशाळेत आगारप्रमुखांची परवानगी घेतल्याशिवाय पाऊलही टाकू नये. "साहेब, एसटीच्या फोटोंचा छंद आहे, या गाडीचा एक फोटो काढू का?" असं सरळ विचारलं की कित्येकदा माणसं स्वतःच सांगतात कुठली गाडी किती वाजता सुटते. ड्रायव्हर-कंडक्टर चौकटीत ठळक येणार असतील तर त्यांनाही विचारा.

कॅमेऱ्याची उंची हा न बोलला जाणारा मुद्दा. उभं राहून डोळ्यांच्या उंचीवरून काढायची सवय सगळ्यांना असते. बसचा फोटो छातीच्या किंवा कमरेच्या उंचीवरून काढून बघा, गाडीला वजन येतं. अगदी जमिनीलगत गेलात तर मात्र वरची पाटी तिरकी होऊन वाचता येत नाही.

मोबाइलवाल्यांसाठी याहून महत्त्वाचं म्हणजे अंतर. मोबाइलची मुख्य लेन्स बरीच रुंद असते. तिने जवळून काढलं की बसचं नाक फुगतं आणि मागचं टोक निमुळतं होतं. दहा-पंधरा पावलं मागे जा आणि दोन किंवा तीन पटीची वेगळी लेन्स फोनमध्ये असेल तर ती वापरा. कॅमेरा असेल तर ७० ते १३५ मिलिमीटरच्या आसपासच्या लेन्सने गाडीचं प्रमाण डोळ्यांना दिसतं तसं येतं. फोनचा डिजिटल झूम मात्र टाळा. लांबची अक्षरं फोन स्वतःच्या हिशेबाने कोरून काढतो आणि पाटीवरची देवनागरी भलतीच होऊन बसते. "सांगोला" वाचायला जावं तर तिथे कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं दिसतात. परीक्षक असा फोटो पहिल्याच नजरेत बाजूला ठेवतो.

दोन अडचणी: लाल रंग आणि एलईडी पाटी

एसटीच्या फोटोत या दोन गोष्टी इतक्या वेळा बिघडतात की त्यांवर सावकाश लिहायला हवं.

आधी लाल रंग. कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीन रंग वेगवेगळे नोंदतो. भर उन्हात लाल पत्र्याचा फोटो काढला की त्यातली लाल वाहिनी इतरांच्या आधी भरून जाते. फोटो एकूण बरोबर उजळ वाटतो, नेहमीचा हिस्टोग्रामही (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण गाडीच्या अंगावरचे जोड, रिव्हेटांच्या रांगा आणि पत्र्याचे उंचवटे गायब होऊन सपाट लाल पट्टा उरतो. उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे हिस्टोग्राम दिसण्याची सोय असेल तर ती चालू करा आणि लाल आलेख उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. नाहीतर एक्स्पोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). मोबाइलमध्ये गाडीवर बोट ठेवून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. आणि नंतर रंग गडद करण्याची पट्टी हलवू नका. लाल रंगाला तिची गरज नसते, उलट उरलासुरला तपशीलही तिच्यामुळे जातो.

दुसरी अडचण एलईडी पाटीची. रंगवलेल्या पाट्या होत्या तेव्हा हा प्रश्नच नव्हता. एलईडी पाटीवरचे सगळे दिवे एकाच वेळी पेटलेले नसतात. ओळी आळीपाळीने इतक्या झपाट्याने पेटतात-विझतात की डोळ्यांना अखंड अक्षर दिसतं. शटर १/१०००वर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतंच उघडणारं असेल तर कॅमेऱ्याला त्यातल्या काहीच ओळी सापडतात आणि पाटी अर्धवट किंवा कोरी येते. शटर १/१२५ किंवा त्याहून मंद ठेवलं तर बहुतेक पाट्या पूर्ण येतात. प्रत्येक पाटीचा वेग वेगळा, म्हणून लागोपाठ चार-पाच फोटो घ्यावेत.

पण गाडी धावत असेल तर १/१२५ला ती हलते. मग काय करायचं? गाडी थांबते तिथे जाऊन थांबा: सिग्नल, स्थानकाचं फाटक, टोलनाका, गतिरोधक. किंवा पॅनिंग शिका, म्हणजे गाडीच्या वेगाने कॅमेरा फिरवत शटर दाबायचं. सुरुवात १/१२५वर करा, हात बसला की १/६० आणि १/३०वर या. गाडी ठळक राहते, मागचा रस्ता ओढल्यासारखा येतो, चाकं फिरताना दिसतात. पॅनिंगला गाडी समोरून आडवी जाणारी हवी. अंगावर येणाऱ्या गाडीला ते जमत नाही, तिथे रंगवलेली पाटी असेल तर १/५०० किंवा त्याहून जलद शटर घ्या.

काचेवरच्या चकाकीसाठी पोलरायझर फिल्टर उपयोगी. तो फिरवून पुढच्या काचेतून ड्रायव्हरची जागा दिसू लागते आणि रंगावरचं पांढुरकं प्रतिबिंब कमी होतं. दीड-दोन स्टॉप उजेड तो खातो, म्हणून संध्याकाळी काढून ठेवा. उघड्या धातूच्या चकाकीवर त्याचा उपयोग नाही. एप्रिल-मेच्या दुपारी लांब लेन्सने काढलेल्या फोटोत डांबरावरची तापलेली हवा गाडीचा खालचा भाग वितळल्यासारखा करते. त्याला फिल्टर नाही आणि सॉफ्टवेअरही नाही. सकाळी जा.

देण्याआधी स्वतः तपासा

फोटो शंभर टक्के आकाराला मोठा करून बघा आणि पुढच्या पाटीवरची किंवा नंबरप्लेटवरची अक्षरं वाचा. ती धारदार नसतील तर तो फोटो परीक्षणाला नको, दुसरा निवडा. मग कडा बघा. बाहेर आलेला आरसा कापला गेला आहे का? चाकांखाली जराशी जमीन आहे का? गाडी ज्या दिशेने जाते आहे तिकडे थोडी मोकळी जागा हवी. टपातून उगवलेला विजेचा खांब, दारामागे अर्धवट आलेली रिक्षा, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक, हे काढताना दिसत नाही आणि नंतर तेवढंच दिसतं.

फोटो तिरका आहे का, हे रस्त्यावरून ठरवू नका. घाटात रस्ता तिरकाच असतो आणि गाडीही त्याच्याबरोबर कलते. चौकटीच्या मध्याजवळची इमारत किंवा खांब उभा धरून सरळ करा. आकाशात काळपट ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ, ती पुसायला हरकत नाही.

काय पुसावं आणि काय पुसू नये, याबद्दल माझं मत कडक आहे. उजेड, रंगाचा तोल, काप (फोटोच्या कडा कापणं), धूळ, इथपर्यंत ठीक. वायर, खांब किंवा माणूस काढून टाकलात तर तसं लिहा. पाटी, नंबर, आगाराचं नाव, गाडीवरचे ओरखडे आणि ठिगळं यांना हातही लावू नका. रंग उडालेली गाडी रंग उडालेलीच दिसली पाहिजे. आकाश बदललं, सूर्यास्त चिकटवला, तर तो फोटो वाहनाच्या नोंदीत बसत नाही, त्याला वेगळ्या ठिकाणी दाखवा.

शेवटी फाइल. लांब बाजू २०४८ पिक्सेलच्या आसपास, रंगव्यवस्था एसआरजीबी, जेपेगचा दर्जा ८५ ते ९०. जिथे देणार तिथला नियम वेगळा असेल तर तो पाळा. धार देणं सगळ्यांत शेवटी, आकार लहान केल्यावर, आणि हात आखडून. कडांभोवती पांढरी रेघ दिसली की धार जास्त झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर तो दाबला जातो आणि शटर, छिद्र (लेन्समधून उजेड आत येण्याची वाट, एफ/८ वगैरे), आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) यांची माहितीही निघून जाते. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तसं पाठवताना ठिकाणाची माहितीही सोबत जाते, हे लक्षात असू द्या. एसटीच्या फोटोला त्याने बिघडत नाही, पण कुणाच्या दारातल्या कारचा फोटो असेल तर ती आधी काढून टाका.

सोबत काय लिहायचं

एका वेळी एकच फोटो द्या. सात फोटो दिले की सातांवर मिळून एक ओळ येते. "कसा वाटला?" असं विचारलं तर "मस्त" असं उत्तर मिळतं आणि तिथेच सगळं थांबतं. नेमकं विचारा. नमुना असा:

"सातारा बसस्थानक, बाहेर पडण्याचं फाटक, (इथे तारीख), सकाळी साडेसातची वेळ. सातारा–महाबळेश्वर, पाटी एलईडी. बांधणी दापोडीची असावी, नंबरवरून अंदाज. १३५ मिलिमीटर, १/१२५, एफ/८, आयएसओ २००. लाल रंग थोडा कमी केला आहे, बाकी काप फक्त. प्रश्न: डाव्या बाजूची झाडाची सावली खटकते का, की अजून घट्ट कापू? आणि १/१२५ला पुढचं चाक किंचित हललंय, ते चालेल का?"

यात अंदाजाला अंदाज म्हटलं आहे, ते महत्त्वाचं. खात्री नसताना बांधणीचं वर्ष ठोकून दिलं तर पुढच्या पाच जणांच्या वहीत ते तसंच उतरतं. तारीख मात्र कधीच विसरू नका. पाटी आणि रंग बदलत राहतात, आगारं गाड्यांची अदलाबदल करतात, तारखेशिवाय फोटोचा नोंद म्हणून उपयोग अर्धा होतो.

शेरे आल्यावर

पहिला शेरा वाचून लगेच उत्तर लिहू नका. "तिथे जागाच नव्हती", "गाडी अचानक आली" हे खरं असेल, पण त्याने फोटो सुधारत नाही. सगळे शेरे येऊ द्या, मग ते वेगळे करा. काही शेरे दोष दाखवतात: पाटी वाचता येत नाही, फोटो तिरका आहे, लाल रंगात तपशील नाही. हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नसतं. काही आवडीचे असतात: कुणाला घट्ट काप आवडतो, कुणाला मागचा डोंगर हवा असतो. आवडीचे शेरे ऐका, पटलं तर घ्या. ओळखपाळख नसलेल्या दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं असेल, तर ती जागा पुन्हा बघाच.

शेरा कळला नाही तर विचारा. "काका, 'बाजू मेली आहे' म्हणजे उजेड कमी की रंग सपाट?" असं विचारण्यात कमीपणा नाही. वर्षानुवर्षं गाड्या बघणारी माणसं थोडक्यात बोलतात, त्यांना खुलासा विचारला की भरभरून सांगतात. मात्र कुणी फोटोऐवजी तुमच्या कॅमेऱ्याबद्दल किंवा तुमच्याबद्दल बोलू लागलं, तर ते परीक्षण नव्हे, तिथे थांबायची गरज नाही.

मग प्रत्येक शेऱ्यापुढे दोनांपैकी एक लिहा: घरी सुधारेल, किंवा पुन्हा जावं लागेल. काप, तिरकेपणा, रंग हे घरी. पाठीमागचा खांब, चुकीची सावली, कोरी एलईडी पाटी यांसाठी पुन्हा त्याच जागी जायचं. एसटीचा मोठा फायदा असा की तीच फेरी उद्याही त्याच वेळी असते. दुसऱ्यांदा देताना जुना फोटो सोबत जोडा आणि काय बदललं ते एका ओळीत लिहा, म्हणजे परीक्षकाला शोधत बसावं लागत नाही.

नाकारलेला फोटो पुसून टाकू नका. दिसायला बेताचा असला तरी नंबर आणि पाटी वाचता येत असेल, तर तारीख-ठिकाणासह जपून ठेवा, मूळ फाइल न बदलता.

आणि पहिल्या फोटोपासूनच इतरांच्या फोटोंवरही लिहायला लागा. आपण नवे आहोत म्हणून गप्प बसू नका. सुरुवातीला फक्त काय दिसतं ते लिहा: "आगाराचं नाव वाचता आलं, मार्गाची पाटी नाही आली. नजर आधी मागच्या पिवळ्या फलकावर गेली." एवढं सांगायला तज्ज्ञ असावं लागत नाही, आणि फोटो काढणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं, कारण गाडी त्याच्या पुरती ओळखीची असल्यामुळे पाटी न वाचताही त्याला ती वाचल्यासारखी वाटते.